बांधावर जाड झालेली उदबत्ती

थांबा, बाकी सगळं राहू दे, आधी हे ऐका! आई दोनदा जेवायला हाक मारून गेली, साडीच्या निऱ्यांना अजून शेवाळ चिकटलंय, नखांत माती आहे, आणि मी टाइपरायटर पुढ्यात ओढून बसलेय. कारण हे आत्ता सांगितलं नाही तर मला झोप लागणार नाही. माझं झाड आज टेबलावर बसलं. कोपऱ्यातल्या नाही, मधल्या टेबलावर! बोन्सायच्या प्रदर्शनात! ज्या झाडाला ह्याच प्रदर्शनाच्या दारातून एकदा परत पाठवलं होतं ते झाड!

अक्षरं चुकली तर चालवून घ्या. बोटं थांबत नाहीयेत.

मी पाचवीत असताना आम्ही गिरगावातून पनवेलला आलो. बाबांना कळंबोलीच्या लोखंडबाजारात नोकरी लागली होती, म्हणून. तिकडच्या आमच्या बिल्डिंगच्या पन्हाळीच्या पाइपातून एक रोप उगवलं होतं, दोन पानांचं. मी रोज गॅलरीत वाकून त्याला बघायचे. निघायच्या दिवशी ते उपटलं, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात लावलं आणि टेम्पोत मांडीवर घेऊन बसले. बाबा म्हणाले, "कपाट विकलं, पलंग देऊन टाकला, आणि ही पाइपातलं गवत घेऊन निघालीय!"

ते गवत पनवेलला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत जगलं. शाळा, मैत्रिणी, दुकानं, सगळं नवीन होतं. जुन्या घरातलं माझं असं तेवढंच होतं. दरवर्षी डबा बदलायचा, दरवर्षी झाड थोडं उंच व्हायचं. जाड मात्र अजिबात व्हायचं नाही! बाबा येताजाता दोन बोटांच्या चिमटीत खोड धरून बघायचे. "दोन सुताची सळई," म्हणायचे. सूत म्हणजे त्यांच्या बाजारातलं जाडीचं माप, आणि दोन सुताची सळई म्हणजे तुमच्या करंगळीपेक्षा बारीक. "आमच्याकडे हिला कोणी हात लावत नाही. भंगारात घालतात."

अकरावीत असताना कळलं की आमच्या कॉलनीतल्या एक बाई गच्चीवर बोन्सायचे वर्ग घेतात. तेव्हा बोन्सायचं असं खूळ होतं ना! ज्याच्या त्याच्या टीव्हीवर एक कुंडी. मी माझं झाड घेऊन गेले. तिथे साडीला मॅचिंग पर्स घेतलेल्या आठ-दहा बायका, आणि फ्रॉकमधून नुकतीच पंजाबी ड्रेसमध्ये आलेली मी. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "काय गं हे?"

"बोन्साय."

"हे बोन्साय? ही उदबत्ती आहे."

सगळ्या गच्चीभर हसल्या. मीही हसले, पण कान लाल झाले होते. बाईंनी पान उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "नांदरूक आहे. वडाचं चुलत भावंड. जात चांगली आहे हो. पण खोड कुठाय?"

त्या वर्षी मी हट्टाने ते प्रदर्शनाला नेलं. मंगल कार्यालयाच्या दारातच बाईंनी अडवलं. रागावून नाही, अगदी प्रेमाने खांद्यावर हात ठेवून. "बाळा, बघणाऱ्याला कुंडीत झाड दिसलं पाहिजे. रानातलं मोठं झाड. तुझ्या उदबत्तीकडे बघून कोणाला सावली आठवेल? पुढच्या वेळी आण. खोड घेऊन ये."

"पण खोड होतच नाही!"

"कुंडीत होणारच नाही. त्याला जमिनीत लाव. मोकळं सोड. हवं तेवढं वाढू दे, जाड होऊ दे. मग खालून छाट आणि परत कुंडीत आण."

म्हणजे बघा, छोटं झाड करायचं तर आधी त्याला मोठं होऊ द्यायचं! हे ऐकून मी इतकी खूश झाले की तिथेच ठरवलं: हे झाड एक दिवस ह्याच हॉलमध्ये मधल्या टेबलावर बसवणार. बसवणार म्हणजे बसवणार.

आता जमीन कुठून आणायची? तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला जमीन म्हणजे कुंडीच. सोसायटीच्या मागे थोडी जागा होती, तर सेक्रेटरी म्हणाले, "नांदरूक? मुळं थेट टाकीत जातील. उद्या तुझे बाबा टाकी बांधून देणार का?"

कॉलेजात माझ्या बाकावर एक मैत्रीण बसायची, पळस्प्याच्या पुढच्या एका गावातली. घरी भातशेती. डबा खाता खाता मी रडगाणं गायले, तर ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "एवढंच ना? आमच्या बांधावर लाव. बांध काय कोणाला भाडं मागतो?"

जून सुरू होताना आम्ही झाड यष्टीने नेलं. बाबांनी कळंबोलीहून ताटाएवढा लोखंडी पत्रा कापून आणला होता. बाईंनी सांगितलं होतं की मुळांखाली काहीतरी सपाट ठेव, म्हणजे मुळं सरळ खाली न जाता आजूबाजूला पसरतात. मैत्रिणीचे वडील, त्यांना मी काका म्हणायचे, कमरेवर हात ठेवून बघत होते.

"काय गो पोरी, झाड लावते का ताट वाढते?"

"काका, ह्याने मुळं पसरतात."

"पसरूं दे, पसरूं दे. तुमचा शिकलेल्यांचा कायतरी येगलाच असतंय."

त्यांनीच खड्डा खणला. घरामागच्या वाफ्याला लागून, बांधाच्या टोकाला. तिथे आधीच चार-पाच झाडं होती, त्यांच्या रांगेत माझी उदबत्ती. एवढीशी! वाऱ्याने हलत होती. बैलाचा पाय पडू नये म्हणून काकांनी भोवती काट्या रोवल्या.

आणि मग काय सांगू! गणपतीत गेले तर माझ्या खांद्याला लागत होतं. पुढच्या पावसाळ्यात माझ्यापेक्षा उंच. फांद्या ह्या बाजूला, त्या बाजूला, पानं चकचकीत, जणू कोणी तेल लावून पुसलीत. बाबा एकदा स्कूटरवरून आले. खिशातून सळयांचे तुकडे काढले, वेगवेगळ्या जाडीचे, सुतळीने बांधलेले, आणि बांधावर चक्क गुडघे टेकून एकेक तुकडा खोडाला लावून बघायला लागले.

"तीन सूत... चार सूत... अरे, सहासुद्धा कमी पडतेय!"

काका मैत्रिणीला हळूच म्हणाले, "हिचा बापुस काय करतंय?"

"लोखंडात आहेत ते, पप्पा."

"तरीच."

इथपर्यंत सगळं छान. खोड जाड होत होतं, मुळं पसरत होती. पण दर खेपेला बाईंचा एकच प्रश्न, "छाटलंस?"

आणि दर खेपेला माझं, "पुढच्या महिन्यात."

कारण मला छाटवेना! अहो, एवढंसं रोप होतं ते. मांडीवर आणलं होतं. आता त्याच्याखाली उभं राहिलं की चेहऱ्यावर सावली पडायची, खरीखुरी सावली, आणि मी त्याला गुडघ्याच्याही खाली कापायचं? करवत पिशवीत घालून जायचे, झाडाखाली बसून मैत्रिणीशी गप्पा मारायचे, काकूंच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट खायचे, आणि करवत तशीच परत. बाबा म्हणायचे, "त्या करवतीचं यष्टीचं तिकीट काढायला हवं आता."

शेवटी बाई चिडल्या. "ह्या थंडीत छाटलं नाहीस तर प्रदर्शन विसर. ते झाड आता शेतातलं झाड झालं. छान आहे, सुखी आहे. पण टेबलावर यायचं नाही कधी."

हे मात्र लागलं. संक्रांत झाल्यावरच्या रविवारी मी निघाले. एका पिशवीत करवत, डब्यात तिळगूळ. आज कापायचंच. यष्टीत बसून मनात शंभरदा कापलं. उतरून पायवाटेने चालताना एवढं जाणवलं की काहीतरी चुकतंय. बांध लांबूनच नेहमी हिरवा दिसायचा. आज तिथे नुसतं आकाश होतं.

सगळी झाडं बोडकी. सगळी! खाली पानाफांद्यांचे भारे बांधून ठेवलेले, आणि त्यांच्यामध्ये काका, हातात कोयता, घामाने चमकत, एकदम खुशीत.

"ये गो, ये! तुझापन घेतला. लय पाला निघाला बग!"

मी भाऱ्यांकडे बघितलं. चकचकीत पानं. माझी.

"माझं झाड..."

"ह्यो काय हितं."

गुडघ्याच्या खाली एक खुंट उरला होता. एका घावात तिरका तोडलेला. कापल्या जागेतून पांढरा चीक खाली ओघळत होता. एक पान नाही. एक फांदी नाही.

मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तिकडे हे दर हिवाळ्यात करतात. बांधावरची झाडं छाटायची, तो पाला वाळवायचा, उन्हाळ्यात वाफ्यावर पसरून जाळायचा, आणि त्या भाजलेल्या जमिनीत भाताची रोपं करायची. राब म्हणतात त्याला. आदल्या हिवाळ्यात मी परीक्षेमुळे तिकडे फिरकले नव्हते, आणि माझं झाड लहान म्हणून राहिलं होतं. ह्या वर्षी ते मोठं झालं, रांगेत बसलं, आणि त्याचा नंबर लागला.

"असा काय बगते?" काका म्हणाले. "झाड छाटला नाय तर सावलीखाली भात कसा होनार? आनि राबाला पाला नको? मी म्हनला, पोरीचा कालेज हाय, तिला कोयता धरायला कुठला येल. म्हनून तुझा मीच घेतला. सगल्यांच्या आदी."

सगळ्यांच्या आधी! मी बांधावर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. लाज वगैरे काही नाही. कॉलेजातली मुलगी, भर दुपारी, हातात तिळगुळाचा डबा.

मैत्रीण घरातून धावत आली. "पप्पा! तिचं बोन्साय होतं ते!"

"मंग मला कोन सांगितला? कुंडीतला झाड कोन बांधावर लावतंय?" काकांचा चेहरा बिचारा एवढासा झाला. "अगो, रडू नको. तुला पाला पायजे का? सगला ने. भारा बांधून यष्टीच्या टपावर टाकतो."

मी आणखी जोरात रडले. मैत्रीण माझ्याजवळ बसली, रुमालासाठी माझी पिशवी उघडली, आणि आतून निघाली करवत. तिने करवतीकडे बघितलं, मग खुंटाकडे, मग माझ्याकडे.

"ही कशाला आणलीस?"

"कापायला."

"काय कापायला?"

"...झाड."

"मग पप्पांनी काय केलं?"

मी करवत परत पिशवीत कोंबली. काका मधेच म्हणाले, "आता बोल!" आणि मैत्रिणीला इतकं हसू फुटलं की ती बांधावरून खाली वाफ्यात पडली. मी मात्र हसले नाही. तिळगूळ न देताच परत आले. मला ते माझ्या हाताने करायचं होतं, आणि आता ते मेलं तर? एक पान तरी ठेवायचं की हो!

बाईंच्या गच्चीवर गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "किती उंचीवर तोडलं?"

मी हाताने दाखवलं.

"सपाट की तिरकं?"

"तिरकं."

बाई खुदकन हसल्या. "अगं, मी असते तर मीही तिथेच छाटलं असतं. आता फक्त एकच बघायचं, फुटतंय का. हात लावू नकोस. वाट बघ."

वाट बघ म्हणणं सोपं असतं. मी दर रविवारी जायचे आणि खुंटाकडे बघून परत यायचे. त्यात राब भाजायची वेळ आली. वाफा अगदी बांधाला लागून! जाळ लागला तर उरलासुरला खुंटही जाणार. मी काकांना विनवलं, "दुसरीकडे भाजा ना."

"राब काय शेगडी हाय का, हिकडून तिकडे न्यायला?"

पण ते बोलले तेवढंच. भाजायच्या दिवशी सकाळी बघते तर त्यांनी वाफा आणि खुंट ह्यांच्या मधे फावड्याने चर मारून ठेवला होता. मी आणि मैत्रिणीने खुंटाला ओली गोणी गुंडाळली, वर दुसरी, आणि विहिरीवरून हंडे आणून ओतत राहिलो. वाफ्यावर शेण, पाला, गवत, माती असं पसरून काकांनी वाऱ्याची बाजू बघून काडी लावली. धूर आमच्याच तोंडावर. डोळ्यांतून पाणी, केसांत राख. समोर माझ्याच झाडाची पानं तडतडत होती आणि इकडे मी त्याच झाडाला पाणी घालत होते! मैत्रीण खोकत ओरडली, "तुझ्या उदबत्तीपायी माझी अगरबत्ती झाली!"

चर ओलांडून जाळ आला नाही. पण खुंट तसाच. होळी गेली, पाडवा गेला, काही नाही. मी बाईंना तोंड दाखवायचं बंद केलं. काकासुद्धा आता त्या बाजूने जाताना खुंटाकडे न बघता जायचे. मला दिसायचं ते.

मे महिन्यात बाबा म्हणाले, "चल, मी येतो." सळयांचे तुकडे खिशात होतेच, सवयीने. खुंटाजवळ गुडघे टेकले, एक तुकडा लावला, आणि थांबले.

"अगं, ह्याला इथे गंज चढलाय."

"बाबा, झाडाला गंज कसा चढेल?"

"मग हे काय? लाल लाल ठिपके. इथे... आणि इथे पण. मी इतकी वर्षं गंज बघतोय, मला शिकवू नकोस."

मी वाकून बघितलं. आणि किंचाळले! अहो, कोंब होते ते! लालसर, टोकदार, तांदळाच्या दाण्याएवढे. सालीतून वर आलेले, एक नाही, दोन नाही, गोलाकार सगळीकडून! मी बाबांना मिठी मारली, मैत्रिणीला मारली, आणि धावत जाऊन गोठ्यातल्या काकांना ओढत आणलं. ते वाकून बघत राहिले. मग डोक्यावरचं मुंडासं सोडून परत बांधलं आणि म्हणाले, "मी म्हनला नव्हता? छाटल्यावर झाड फुटतंय." म्हटलं नव्हतं, पण कोण भांडणार! त्या दिवशी मी त्यांना संक्रांतीचा तिळगूळ दिला. मे महिन्यात.

त्यापुढे मला कोणी ढकलावं लागलं नाही. सगळ्या कोंबांतला एक ठेवला, बरोबर घावाच्या वरच्या टोकाजवळचा, बाकीचे मी माझ्या हाताने काढले. तो दोन पावसाळे वाढवला. तिरक्या घावाच्या कडेने साल हळूहळू आत वळत गेली. खाली बुंधा रुंद, वर निमुळतं, जसं बाई फळ्यावर काढून दाखवायच्या तसं. मग काकांनी पहारीने भोवतीची माती सैल केली, बाबांनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरलं आणि उचललं, तर ते अख्खं त्या पत्र्यासकट वर आलं! पत्र्याची चाळण झाली होती, हात लावला की भुगा. पण त्याच्यावर मुळं अशी चहूकडे पसरली होती, जणू मोठ्या झाडाने पाय रोवलेत. बाबांनी त्या भुग्यावरून बोट फिरवलं. नंतर यष्टी स्टँडवर कोणालातरी सांगत होते, "पत्रा माझा आहे त्यात."

वर्षभर कुंडीत रुळलं. आणि आज.

आज सकाळी मी ते हॉलमध्ये आणलं तेव्हा दारात बाईच होत्या. तेच दार. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. कुंडीभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"उदबत्ती कुठाय?"

"हीच ती, बाई."

बाई तडक आत गेल्या. मधल्या टेबलावरची स्वतःची चिंच उचलली, बाजूला ठेवली आणि तिथे हाताने जागा पुसली. त्यांची स्वतःची चिंच हो! दरवर्षी तिथे तीच असते!

दुपारी मैत्रीण काकांना घेऊन आली. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना तेल. झाडासमोर गर्दी होती. काका गर्दीतून पुढे आले, झाडाकडे बघितलं आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्यापेक्षा उंच होता ह्यो! आनि बग, कुंडीत घातला. आता ह्याचा पाला किती निघनार? मूठभर नाय!"

पर्सवाल्या बायका हसायला लागल्या. काका वाकले, खोडाच्या मागे, जिथे साल वळून घाव जवळजवळ मिटलाय तिथे त्यांनी अंगठा ठेवला. "ह्यो माझा घाव."

"अहो, हात लावू नका!" बाई तिकडून ओरडल्या. मग जवळ आल्या, अंगठा नेमका कुठे आहे ते बघितलं आणि एकदम म्हणाल्या, "तुम्हीच का ते? लावा, लावा. तुम्ही लावा."

काकांनी मग ऐटीत अंगठा तसाच ठेवून फोटो काढून घेतला. बाबांनी खिशातून सळयांचा जुडगा काढला, सगळ्यांत जाड तुकडा खोडाला लावला, मान हलवली आणि सगळा जुडगा परत खिशात टाकला. "आमच्याकडे एवढ्या जाडीची बनत नाही," म्हणाले.

आई तिसऱ्यांदा हाक मारतेय, जाते. झाड आज रात्री हॉलमध्येच आहे, टेबलावर, मधल्या! पण जाता जाता एक विचारू? जे करायला तुमचा हात धजत नव्हता, ते कोणीतरी प्रेमाने, न विचारता, एका घावात करून टाकलंय, आणि तुम्ही पिशवीत करवत घेऊन बांधावर बसून रडलायत, असं तुमचं झालंय का कधी? की मीच एकटी?